रस्त्यावरचा चेहरा आणि त्याचे नाव
(महानगराच्या छायाचित्र-ग्रंथांविषयी काही विचार)

कोल्हापुरात ‘फिल्म’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम चित्रपट उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. बाबूराव पेंटरांनी ह्याच शहरात स्वतः कॅमेरा सिद्ध केला, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, आणि १९२९ मध्ये ‘प्रभात’चा जन्मही इथलाच, पुढे १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. बाबूरावांच्या १९२५ मधील ‘सावकारी पाश’ ह्या मूकपटात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडून शहरात गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याची ती भूमिका व्ही. शांताराम ह्यांनी केली होती. म्हणजे महानगराकडे जाणाऱ्या माणसाची व्यथा कोल्हापूरने फार लवकर पडद्यावर मांडली होती.

परंतु आज आम्ही ज्या फिल्मविषयी लिहिणार आहोत ती पडद्यावर हलणारी नव्हे. ती छोट्या डबीत गुंडाळून ठेवलेली, छत्तीस चौकटींची, अंधारात धुवावी लागणारी फिल्म होय. त्या फिल्मवर मुंबईच्या रस्त्यांचे जे दस्तऐवजीकरण गेल्या अर्धशतकात झाले, त्यातून काही मोलाचे छायाचित्र-ग्रंथ निर्माण झाले. मराठी वाङ्मयीन समीक्षेने ह्या ग्रंथांकडे फारसे लक्ष दिलेले नाही. चित्रांची पुस्तके म्हणजे दिवाणखान्यातील मेजाची शोभा, अशी आपली समजूत असावी. वास्तविक एखादी कादंबरी जशी शहराचे भान देते तसे हे ग्रंथही देतात, आणि कादंबरीला जे प्रश्न विचारावे लागतात तेच ह्यांनाही विचारावे लागतात : हे कोणी पाहिले? कोठून पाहिले? आणि ज्याला पाहिले त्याचे पुढे काय झाले?

शेवटचा प्रश्न आम्हांला व्यक्तिशः छळतो. त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच.

प्रथम थोडे मागे जाऊ. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू नारायण दाजी ह्यांच्यासारखे मराठी गृहस्थ ह्या नव्या विद्येत रमले. त्या काळातील एक ग्रंथ मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. विल्यम जॉन्सन ह्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे दोन खंडांत लंडनहून प्रसिद्ध केली. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. त्यांतील माणसे स्टुडिओत बसवून टिपलेली आहेत आणि त्यांच्या पाठीमागे दिसणारी मुंबई स्वतंत्रपणे घेतलेल्या दुसऱ्या छायाचित्रातून आणून जोडलेली आहे. त्या काळच्या ओल्या काचांना रस्त्यावरची वर्दळ टिपणे जमत नव्हते, हे तांत्रिक कारण खरेच. तरीही त्या जोडकामातून एक दृष्टी प्रकट होते. माणूस वेगळा, शहर वेगळे. माणसाला जात आहे, पेहराव आहे, परंतु नाव नाही आणि तो उभा आहे ती जागा त्याची नाही. वनस्पतीचा नमुना पुठ्ठ्यावर चिकटवावा तसा तो शहरावर चिकटवलेला आहे.

रस्त्यावरील छायाचित्रणाची सारी प्रतिज्ञा ह्या जोडकामाच्या नेमकी विरुद्ध आहे. माणूस आणि जागा, दोन्ही एकाच क्षणी, एकाच उजेडात, एकाच चौकटीत. १९२५ मध्ये जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला आणि ३५ मिलिमीटरची फिल्म हातात मावू लागली, तेव्हा हे शक्य झाले. तिवई गेली, डोक्यावरचे काळे कापड गेले; छायाचित्रकार गर्दीतला एक झाला. फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्यांनी ह्या पद्धतीला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. १९५२ च्या त्यांच्या ग्रंथापासून ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा जगभर रूढ झाली. हात, पाय, सावली, भिंत ह्या साऱ्यांचा क्षणार्धात जुळून येणारा मेळ त्यांनी टिपला. त्यांची भारतातील छायाचित्रे पाहून आपल्याकडील एक पिढी शिकली.

त्या पिढीतील एक महत्त्वाचे नाव म्हणजे रघुबीर सिंह (१९४२–१९९९). जन्माने ते जयपूरचे. १९६६ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ जयपुरात आले असता त्यांची गाठ पडली. गुरूची चपळाई त्यांनी घेतली, पण गुरूचा काळापांढरा रंग नाकारला. रघुबीर सिंह आयुष्यभर रंगीत फिल्मवर काम करीत राहिले. भारतीय दृष्टी मुळातच रंगात विचार करते आणि कृष्णधवल छायाचित्रणातील विषण्णता ही पाश्चात्त्य मनाची ठेव आहे, असे काहीसे त्यांचे प्रतिपादन होते. १९९८ च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ ह्या ग्रंथात ते त्यांनी विस्ताराने मांडले आहे. मुंबईवरील त्यांचा ग्रंथ ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ १९९४ मध्ये निघाला. व्ही. एस. नायपॉल ह्यांच्याशी झालेला संवाद त्याच्या आरंभी आहे.

ह्या ग्रंथाचा विशेष कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू : काच. केम्प्स कॉर्नर येथील चामड्याच्या वस्तूंच्या दुकानातून १९८९ मध्ये घेतलेले छायाचित्र पाहावे, किंवा १९९१ मधील झवेरी बाजार आणि जवाहिऱ्याचे दालन पाहावे. काचेच्या अलीकडे वस्तू आणि ग्राहक, पलीकडे रस्ता, आणि दोहोंची प्रतिबिंबे एकमेकांत मिसळलेली. आत कोण आणि बाहेर कोण हे पाहणाऱ्याला चटकन कळत नाही. मुंबईचे ह्याहून नेमके रूपक क्वचितच कोणाला सापडले असेल. सारे शहर एकमेकांच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर. मध्ये फक्त एक काच, आणि ती मात्र ओलांडता येत नाही. १९९१ साल हे आपल्या देशाच्या आर्थिक धोरणाला वळण देणारे साल. त्या वळणावरची मुंबई, तिचे झगमगते दालन आणि दालनाबाहेरची गर्दी रघुबीर सिंह ह्यांनी भाष्य न करता, नुसत्या मांडणीतून दाखवली. हे थोर काम आहे ह्याविषयी आम्हांला शंका नाही.

तरीही एक खंत नोंदवणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. ह्या चौकटींतील माणसे पुष्कळदा रंगाचा एक ठिपका म्हणून, रचनेचा एक कोन म्हणून वावरतात. लाल लुगडे हवे तेथे लाल लुगडे आहे. छायाचित्राखाली जागा असते, वर्ष असते, क्वचित व्यवसाय असतो. नाव बहुधा नसते. जॉन्सनच्या पुठ्ठ्यावरचा माणूस आता खऱ्या रस्त्यावर, खऱ्या उजेडात आला. पण त्याचे अनामिकपण काही सुटले नाही. हा दोष एकट्या रघुबीर सिंहांचा नव्हे. तो ह्या साऱ्या कलाप्रकाराच्या मुळाशी आहे. जो क्षण टिपायचा तो न विचारता टिपायचा, विचारले की क्षण मोडतो, हीच तर ह्या कलेची अट आहे.

*

येथे आम्हांला आमची एक लहानशी कथा सांगितली पाहिजे. ती सांगताना संकोच वाटतो. परंतु ती न सांगता दुसऱ्याच्या कामाविषयी मत देत बसणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९९६ सालच्या हिवाळ्यात आम्ही एक जुना कॅमेरा घेऊन कोल्हापुरातील रस्त्यांवर हिंडत असू. महाद्वार रोड, पापाची तिकटी, बिंदू चौक, लक्ष्मीपुरी, असा आमचा फेरा असे. एके संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी उभ्या, गिऱ्हाईकांसमोर धार निघते आहे, फेसाळलेल्या दुधाचे पेले हातोहात जात आहेत, असे तेथील नित्याचे दृश्य. एक वयस्क गृहस्थ म्हशीच्या पोटाशी बसून धार काढीत होते. दिव्याचा पिवळा उजेड त्यांच्या पटक्यावर पडला होता. आम्ही कळ दाबली. त्यांनी मान वळवून पाहिले, हसले आणि म्हणाले, “फोटो काढलासा, बरं केलंसा. पण आमास्नी कवा दावणार?”

“आणून देतो मामा,” आम्ही म्हणालो आणि पुढे गेलो.

रोल छत्तीस चौकटींचा. तो संपायला महिना लागला, धुवायला टाकायला आणखी काही दिवस. छायाचित्र उत्तम आले होते, मित्रांनी वाखाणले, एका प्रदर्शनात ते लागलेही. ते घेऊन गंगावेशीस जायचे मात्र राहून गेले. गेलो तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. कट्टा होता, म्हशी होत्या, पेलेही तसेच हातोहात जात होते, मामा नव्हते. छायाचित्र दाखवून विचारावे म्हटले तर ते नेमके पाठमोरे, मान खाली घातलेले. तेथील मंडळींनी साधा प्रश्न केला, “नाव काय त्यांचं?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही ते विचारलेच नव्हते.

ते छायाचित्र आजही आमच्या खणात आहे. मागे लिहिले आहे : ‘गंगावेस, १९९६’. जागा आणि वर्ष. रघुबीर सिंहांच्या ग्रंथाला वर जो आक्षेप घेतला तो आम्ही प्रथम स्वतःला घेतलेला आहे, एवढेच वाचकांच्या ध्यानात आणून द्यावयाचे होते.

*

ह्या पार्श्वभूमीवर दुसऱ्या एका वाटेने गेलेल्या कलावंताकडे पाहणे उद्बोधक ठरेल. सूनी तारापोरवाला हे नाव आपल्या वाचकांना १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’ ह्या चित्रपटाच्या लेखिका म्हणून कदाचित ठाऊक असेल. मुंबईच्या रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांचा तो चित्रपट मीरा नायर ह्यांनी दिग्दर्शित केला. पण लेखनाच्या आधीपासून सूनीबाई छायाचित्रकार आहेत. अमेरिकेत शिकत असताना त्यांनी कॅमेरा घेतला आणि तो घेऊन त्या मुंबईला घरी आल्या. त्यांनी प्रथम काय टिपले? आपल्या घरातील माणसे. आजी, आजोबा, काका, शेजारपाजार. ती पारशी कुटुंबातील मुलगी होती आणि घरातले म्हातारे तिला घरातल्या मुलीसारखेच वागवत होते. कॅमेऱ्यासमोर सावरून बसण्याची त्यांना गरज नव्हती.

१९८२ मध्ये ही छायाचित्रे रघुबीर सिंह ह्यांनी पाहिली आणि पारशी समाजावर एक ग्रंथ करावा असे त्यांनी सुचवले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे : स्वतः रंगांचे उपासक असूनही दुसऱ्याच्या कृष्णधवल कामातील मर्म त्यांनी ओळखले. त्या सूचनेतून निर्माण झालेला ‘पारसीज’ हा ग्रंथ सूनीबाईंनी २००० साली स्वतःच प्रकाशित केला. म्हणजे कामास सुमारे दोन दशके लागली. ह्या काळात तो समाज संख्येने आटत चालला होता. २००१ च्या जनगणनेत भारतातील पारशी ६९,६०१ होते. २०११ मध्ये ५७,२६४ उरले. आकडे एवढेच सांगतात की माणसे कमी झाली. ती कशी बसत, कशी हसत, घरातील खुर्ची कोणाच्या नावाची होती, सणाच्या दिवशी उंबऱ्यावर काय काढत, हे आकडे सांगू शकत नाहीत. ते त्या ग्रंथाने सांगितले.

त्यांचा पुढचा ग्रंथ ‘होम इन द सिटी’. १९७७ चे बॉम्बे ते २०१७ ची मुंबई असा चाळीस वर्षांचा त्याचा पट असून छायाचित्रे बहुतांश कृष्णधवल आहेत. २०१७ मध्ये मुंबईत त्यांचे प्रदर्शनही झाले. ह्या ग्रंथाच्या नावातच त्याचे सारे सौंदर्यशास्त्र सामावलेले आहे. शहराचे दर्शन घडवणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. येथे शहरात असलेले घर आहे. ह्या छायाचित्रांत चमत्कृती कमी आहे. आकृतिबंधाचा अट्टहास नाही. कार्तिए-ब्रेसाँच्या मापाने मोजू गेल्यास काही चौकटी सैल वाटतील, आणि आम्हांलाही त्या वाटल्या. परंतु छायाचित्रातील माणसाने छायाचित्रकाराकडे ज्या नजरेने पाहिले आहे ती नजर परक्याकडे पाहण्याची नाही. रघुबीर सिंहांच्या मुंबईत काच आहे. सूनीबाईंच्या मुंबईत दार आहे, आणि ते उघडे आहे.

ह्या दोन टोकांच्या मध्ये केतकी शेठ ह्यांचे काम ठेवता येईल. मुंबईतच जन्मलेल्या केतकीबाई रघुबीर सिंहांना मार्गदर्शक मानतात, तरी त्यांनीही रस्ता कृष्णधवल फिल्मवरच टिपला. त्यांचा ‘बॉम्बे मिक्स’ हा ग्रंथ २००७ मध्ये आला. प्रस्तावना सुकेतू मेहता ह्यांची आहे. १९९५ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले असतानाही ग्रंथाच्या शीर्षकात ‘बॉम्बे’ आहे. त्यात केवळ जुन्या नावाचा हट्ट नसावा. चण्याफुटाण्यांच्या, शेवफरसाणाच्या मिश्रणाला इंग्रजांनी जे नाव दिले त्यावरचा तो श्लेष आहे. मात्र आम्हांला अधिक लक्षणीय वाटते ती केतकीबाईंची वाटचाल. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांबरोबरच त्यांनी पटेल समाजातील जुळ्या भावंडांचा शोध घेतला (१९९९ चा ‘ट्विनस्पॉटिंग’), आणि पुढे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी भारतीयांपर्यंत त्या पोहोचल्या (२०१३ चा ‘अ सर्टन ग्रेस’). रस्त्यावर जी नजर तयार होते ती पुढे कोणाच्या तरी घरापर्यंत जाऊ पाहते, असा आम्ही ह्याचा अर्थ लावतो.

आणि घरापर्यंत जाणे म्हणजे काय, ह्याचा सर्वांत कठोर वस्तुपाठ सुधारक ओलवे ह्या मराठी छायाचित्रकाराने घालून दिला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. हे कामगार बहुसंख्येने दलित समाजातील. पहाटे आपण ज्या स्वच्छ रस्त्यावरून जातो तो कोणी स्वच्छ केला हे आपण विचारत नाही. ओलवे ह्यांनी ते विचारले. कचऱ्याच्या ढिगात, गटाराच्या तोंडाशी उभा राहून त्यांनी माणसाचे काम टिपले, आणि तेथेच न थांबता त्या माणसामागोमाग ते त्याच्या घरी गेले. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्यांच्या कामाची दखल घेतली, २०१३ मध्ये ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ हा ग्रंथ झाला, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. हाताने मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर बंदी घालणारे कायदे आपल्या देशात १९९३ मध्ये झाले आणि २०१३ मध्ये पुन्हा करावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या छायाचित्रांचे स्थान कळते. कायद्याच्या कागदावर जे नाही असे लिहिलेले असते, ते आहे असे फिल्म सांगते.

येथे एक शंका येईल. इतके दुःख, इतकी घाण इतक्या उत्तम उजेडात, इतक्या रेखीवपणे दाखवणे योग्य आहे काय? ती शंका रास्त आहे, आणि तिचे सरसकट उत्तर नाही. आमची कसोटी साधी आहे. छायाचित्र पाहून झाल्यावर मनात छायाचित्रकाराचे कौसल्य उरते की त्या माणसाचा चेहरा? ओलवे ह्यांची चांगली छायाचित्रे पाहिल्यावर आम्हांला चेहरा आठवतो. आमचे स्वतःचे गंगावेशीचे छायाचित्र पाहिल्यावर आम्हांला दिव्याचा उजेड आठवतो. फरक तेवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

*

हल्ली तरुण मंडळींत फिल्मची पुन्हा एकदा आवड निर्माण झालेली दिसते. जुने कॅमेरे शोधून काढणे, महागडे रोल मागवणे, आलेल्या चित्राचा दाणेदारपणा वाखाणणे हे सर्व चालू आहे. त्याचा आनंद वाटतो, तसाच एक इशाराही द्यावासा वाटतो. फिल्मवर काढले म्हणून छायाचित्र खरे ठरत नाही. फिल्मचे खरे मोल तिच्या दाण्यात नसून तिने लादलेल्या शिस्तीत होते. ज्यांनी घरी आग्फा क्लिक थ्री वापरला असेल त्यांना आठवेल : एका रोलात बाराच चित्रे. मुलाचा वाढदिवस, पन्हाळ्याची सहल, नाताळ आणि पाहुण्यांचा एक गट इतक्यात रोल संपे. कळ दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. उटकमंडच्या सरकारी कारखान्यात तयार होणारी ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म गावोगावच्या स्टुडिओत धुतली जाई. ज्याला हौस असे तो न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद करून, लाल दिव्याखाली हायपोच्या वासात, घरीच कागदावर चित्र उमटवी. रंगीत कोडॅक्रोमचे तसे नव्हते; तिची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची की ती थोड्याच प्रयोगशाळांत होई. १९३५ मध्ये निघालेली ही फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस ती धुणारी अमेरिकेतील अखेरची प्रयोगशाळाही ते काम थांबवती झाली. मुंबईच्या रस्त्याचा मराठी-गुजराती छायाचित्रकारांनी ठेवलेला पुरावा कृष्णधवल का, ह्याचे एक उत्तर सौंदर्यशास्त्रात आहे आणि दुसरे, तितकेच खरे, ह्या न्हाणीघरात आहे.

ह्या शिस्तीचा आणखी एक लाभ होता. निगेटिव्ह टिकत असे. १९७७ ची चौकट चाळीस वर्षे डब्यात पडून राहिली आणि २०१७ मध्ये भिंतीवर लागली. आपल्या आजच्या दूरध्वनीतील हजारो चित्रांना हे भाग्य लाभेल काय? २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या कित्येक घरांत शिरले तेव्हा आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे लग्नाचे आल्बम भिजून त्यांची पाने एकमेकांस चिकटली, छायाचित्रे कायमची गेली. परंतु त्याच कपाटात कागदी पाकिटात ठेवलेल्या निगेटिव्ह स्वच्छ पाण्यात अलगद धुऊन, दोरीवर चिमटे लावून सावलीत वाळवल्या तेव्हा त्यांतील पुष्कळ वाचल्या. त्याच घरातील बिघडलेल्या दूरध्वनीतील चित्रे मात्र परत आली नाहीत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ही वास्तू जळताना पाहून कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. वास्तू पुन्हा बांधता येते. पण मध्यंतरात नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर चहा पीत उभे राहणारे प्रेक्षक, तिकीट खिडकीवरची रांग, पडदा ओढणारे हात ह्यांची छायाचित्रे कोणाजवळ आहेत? नटांची असतील, नटांची छायाचित्रे सर्वत्र असतात. मुंबईला तिचे रघुबीर सिंह, सूनी तारापोरवाला, केतकी शेठ, सुधारक ओलवे मिळाले. कोल्हापूर, सांगली, मिरज, गडहिंग्लज ह्या गावांच्या रस्त्यांचा असा ग्रंथ अजून व्हायचा आहे.

हा ग्रंथ करायला मोठा कलावंतच यावा लागेल असे नाही. सूनीबाईंनी घरापासून आरंभ केला हे आपण पाहिले. आपल्या समाजाजवळ तर एक जुनी ठेव आहे, तिच्याकडे ह्या दृष्टीने पाहावे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा व विवाह ह्यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम घालून दिला, आणि तेव्हापासून लहानात लहान धर्मग्रामातही माणसाचे नाव, आईबापांचे नाव, दिवस व साक्षीदार लिहून ठेवण्याची परंपरा चालत आली. त्या नोंदवह्यांत नावे आहेत, चेहरे नाहीत. आपल्या घरातील खणांत चेहरे आहेत, नावे नाहीत. प्रथम कम्युनियनच्या दिवशी पांढऱ्या पोशाखात उभी असलेली बारा मुले, सणाच्या मिरवणुकीत पालखीला खांदा दिलेली माणसे, स्मशानभूमीतील शोकाकुल गट, ह्यांतील किती जण आज ओळखता येतात? घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ ही छायाचित्रे घेऊन बसावे, मऊ पेन्सिलीने पाठीमागे नावे लिहावीत, निगेटिव्ह असल्यास कागदी पाकिटात घालून कोरड्या व उंच जागी ठेवाव्यात. ज्यांच्या हाती कॅमेरा आहे त्या तरुणांनी चर्चच्या दारातून बाहेर पडून गल्लीच्या तोंडापर्यंत जावे, भाजीवाली, चांभार, रिक्षावाला ह्यांना टिपावे. आणि टिपल्यावर दोन गोष्टी कराव्यात. नाव विचारावे. चित्र परत नेऊन द्यावे.

ह्याने निर्णायक क्षण मोडेल, असे कलेचे अभिमानी म्हणतील. मोडू नये म्हणून क्षण आधी टिपावा, नाव नंतर विचारावे. त्याला फार तर दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे ज्यांनी दिली नाहीत त्यांच्यापैकी आम्ही एक आहोत. छायाचित्राचा खरा निर्णायक क्षण कदाचित कळ दाबण्याचा नसेलच. ज्याचे ते आहे त्याच्या हाती ते पडते, तो असेल.

गंगावेशीच्या कट्ट्यावर आजही धार निघते. आमचा खण उघडला की ते पाठमोरे मामा अजून त्याच प्रश्नाचे उत्तर मागत असतात.